कर्णिक मॅडम आणि चौथीची चाळण

हॅम्बर्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एखादं मूल लिफ्टमध्ये शिरलं, की कर्णिक मॅडम त्याची इयत्ता विचारणार म्हणजे विचारणार. त्यानं 'चौथी' म्हटलं, की या ठणकावतात, "म्हणजे प्रायमरी फोर! अजून पाच वर्षं कुणाच्या बापाला घाबरायचं नाही!" हे सगळं मराठीत. जर्मन पोरं बिचारी मान डोलावतात.

मॅडम मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी घानात गेल्या आणि निम्मं आयुष्य तिथल्या शाळेत गणित शिकवलं. आता आमच्या वरच्या मजल्यावर, मुलाकडे असतात. कुठलाही विषय काढा, गाडी घानावर. एकदा एस-बान, म्हणजे इथली लोकल, रद्द झाली, तर म्हणाल्या, "घानात बघ, दोन वर्षं बालवर्ग, सहा प्रायमरी, तीन ज्युनियर हाय. मग मोठी परीक्षा, मग सीनियर हायची तीन. मधे चाळण नाही!"

"अहो मॅडम, पण गाडीचं काय?"

"गाडी येईल गं."

चाळण म्हणजे त्यांचा जर्मनीवरचा राग. इथं चौथीनंतरच ठरतं, कोण गिम्नाझियमला, म्हणजे हुशारांच्या शाळेत जाणार आणि कोण दुसऱ्या शाळेत. "दुधाचे दात पडतायत अजून, आणि हे निघाले चाळायला! पोरं आहेत की पीठ?"

मी हसायचे. यंदा माझी इरा चौथीत आली, आणि तिच्या बाई म्हणाल्या, हिला गिम्नाझियम झेपायचं नाही. माझं डोकंच फिरलं. आम्ही दोघं इंजिनियर, आणि आमची मुलगी दुसऱ्या शाळेत? पुण्यात काय तोंड दाखवू? हट्टानं घालता येतं म्हणा, पण सहावीनंतर जमलं नाही तर काढतात. त्यापेक्षा पाचगणीला हॉस्टेलवर ठेवू, असं आम्ही ठरवून टाकलं. इरा दार लावून बसली.

शेवटचा उपाय म्हणून मॅडमना शाळेत नेलं. म्हटलं, ऐकवा बाईंना तुमचं घाना. ऐकवलं की, तेही इंग्रजीत! बाईंनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, त्या दुसऱ्या शाळेत सगळ्या प्रकारची मुलं एकत्र शिकतात, आणि तिथूनही पुढं विद्यापीठात जाता येतं.

मॅडम माझ्याकडेच वळल्या. "अगं, ही तर घानाचीच शाळा! मग रडतेस कशाला?"

"तुम्ही माझ्या बाजूनं आला होतात ना?"

"मी इरासाठी आलेय. तुझ्या नाकासाठी नाही."

आमच्या घरी चहाला बसलो, तेव्हा माझा संताप उफाळून आला. "सांगणं सोपं असतं हो! तुमचा मुलगा शिकला का त्या घानाच्या शाळेत?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "नाही. दहाव्या वर्षी त्याला पुण्याला हॉस्टेलवर ठेवला. लोकांची पोरं शिकवत होते, पण माझ्या पोराला माझी शाळा चालेना मला."

तेवढ्यात बेल वाजली. दारात त्यांचा मुलगा. "अहो आई, तुम्ही चावी विसरलात. आम्ही बाहेर निघालोय, तुम्ही जेवून घ्या." चावी देऊन गेलासुद्धा.

'अहो आई' मी माझ्या सासूबाईंना म्हणते. "बायकोचं ऐकून सवय लागली वाटतं त्यांना?" मी हसत विचारलं.

"नाही गं. हॉस्टेलमधून पहिल्या सुट्टीत आला ना, तेव्हापासून. तिथं सगळ्यांशी तसंच बोलावं लागायचं. मला वाटलं, दोन दिवसांत परत 'ए आई' करेल." त्यांनी चावी पर्समध्ये टाकली. "वाट बघतेय अजून."

मग तरातरा उठल्या आणि इराच्या दारावर थाप मारली. "इरा, बाहेर ये! तू कुठंही जात नाहीयेस!" आणि माझ्याकडे बघून, "हो ना गं?"

"हो," मी पुटपुटले.

दार किलकिलं झालं. एरवी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी लेक रडक्या आवाजात म्हणाली, "ए आई, तू खरं सांगतेस?"

"हो गं सोन्या, खरंच," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांग," मॅडम डोळे पुसत ओरडल्या. "तिला नीट ऐकू जाऊ दे!"