गुळाने जोडलेला हत्ती

पुस्तक आनंदीने फाडलं नव्हतं. ती फाडील या भीतीने गोकुळदासने ते तिच्या हातातून ओढलं, तिने ते सोडलं नाही, आणि टर्रकन आवाज होऊन लग्नाला निघालेल्या हत्तीची सोंड बापाच्या हातात आली. बाकीचा हत्ती लेकीकडे राहिला.

आनंदी रडली नाही. तिने सोंडेकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, आता माजां कार्ड जातला?"

खरी भीती तीच होती. पेडण्याच्या त्या वाचनालयात सहा वर्षांखालच्या मुलांना सभासद करून घेत नसत. आनंदीला पाच पुरी व्हायची होती. पण दर शनिवारी बापाबरोबर येऊन ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राही, आणि एके दिवशी ग्रंथपाल सत्यवतीबाईंनी तिच्या नावाचं कार्ड काढलं. वर एवढंच म्हणाल्या, "जो पुस्तक फाडील, त्याचं कार्ड मी काढून घेते. लहान असो की मोठा." त्या कार्डावर आनंदीने स्वतःच्या हाताने 'आ' काढला होता. रात्री ती ते उशीखाली घेऊन झोपायची.

गोकुळदासला भित्रा म्हणणं तसं अन्यायाचं होतं. संकट यायच्या आधीच घाबरून घेतलं म्हणजे ऐनवेळी सोपं जातं, असा त्याचा हिशेब होता. कोरगावहून पेडण्याला कचेरीत जाताना तो स्कूटरचा हॉर्न रिकाम्या रस्त्यावरही वाजवायचा. शौक एकच, रहस्यकथांचा. आठवड्याला एक खून तो वाचून संपवत असे, तोही दिवे लावून आणि दाराला कडी घालून. जगात सत्यवतीबाईंइतका मात्र तो कोणालाच घाबरत नव्हता. बाई कधी ओरडत नसत. त्या फक्त चष्म्यावरून बघत.

"काय झालां रे?" आवाज ऐकून त्याची आई चंद्रावती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आनंदीच्या हातून फाटलं," गोकुळदासच्या तोंडून निघून गेलं. आनंदीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ती नजर त्याला चष्म्यावरून बघितल्यासारखीच वाटली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"हाण हय. हत्तीक मी जोडतंय."

चंद्रावतीबाईंनी सकाळच्या पेजेतली शितं घेतली, बोटांनी मळली आणि वर गुळाचा खडा कुसकरून घातला.

"आये, गूळ कित्याक?"

"माजां माहेर खंयचां?"

"हळर्ण."

"मगे? हळर्णचो कोट गूळ-चुन्यान बांधलेलो. आमच्या आजोबांनी सांगितलेला. फिरंगी इले नि गेले, कोट थंयच आसा."

त्या किल्ल्याचे आता पडके अवशेषच उरले आहेत, हे आईला सांगायची हिंमत गोकुळदासला झाली नाही. सोंड जागेवर बसली, पुस्तक पाट्याखाली दाबून ठेवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं तेव्हा हत्ती खरोखर धडधाकट दिसत होता. त्याच्या सोंडेवरून मुंग्यांची वरात मात्र चालली होती.

शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायचं होतं. गोकुळदास दुकानातून मुंग्या मारायची पिवळट पावडर घेऊन आला आणि दोन्ही हातांनी आईच्या स्वाधीन करत म्हणाला, "सांभाळून. जहर आहे. हात लागला तर साबणाने धू."

शनिवारी सकाळी पाहतो तर पुस्तकात एक मुंगी नव्हती. पानापानात पिवळी भुकटी बसली होती. त्याने नाकाला रुमाल बांधून पुस्तक झटकलं, पुसलं, पिशवीत घातलं. आई पहाटेच भजनाच्या बायकांबरोबर देवळात गेली होती. कार्डाचं काय होईल या काळजीत, त्या पुस्तकाला पुढे कोणाचा हात लागणार याचा विचार त्याने केला नाही.

वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली चार-सहा माणसं वर्तमानपत्रात डोकं घालून बसली होती. सत्यवतीबाईंनी पुस्तक समोर घेतलं. मुलांची पुस्तकं त्या पान न् पान बघून घेत. आजही त्यांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं, पहिलं पान उलटलं. पुन्हा बोट जिभेला. दुसरं पान.

बाईंची ही सवय गोकुळदास कित्येक वर्षं बघत आला होता. आज ती पाहून तो टेबलाजवळ सरकला.

पिवळी पावडर. पान. बोट. जीभ. आजवर वाचलेले सगळे खून त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यातली माणसं आधी घामाघूम होत, मग ओठ निळे पडत, आणि शेवटच्या पानावर पोलीस येत. ते नेहमी घरच्याच माणसाला धरीत.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "पानं मी उलटू?"

"कशाला?"

"तुम्हाला त्रास."

"माझं कामच आहे ते." बोट जिभेला. तिसरं पान.

"उकडतंय ना? ओठ कोरडे पडलेत का तुमचे? पाणी आणू?"

सत्यवतीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हालाच घाम आलाय, गोकुळदास. बसा." तो खुर्चीत टेकला. बोट जिभेला. चौथं पान.

सोंड पुढच्या पानावर होती. ते पान उलटलं की कार्ड जाणार हे त्याला दिसत होतं. पण आता कार्डापेक्षा मोठं काहीतरी जायच्या वाटेवर होतं, आणि त्याला दोन्ही एकाच वेळी वाचवता येत नव्हतं. आनंदी टेबलाला हनुवटी टेकून उभी होती. कार्ड तिने छातीशी धरलं होतं.

बाईंनी पुन्हा बोट जिभेला लावलं आणि त्या थांबल्या. जीभ टाळूला लावून त्यांनी अंदाज घेतला.

"काहीतरी गोड लागतंय," त्या म्हणाल्या. "नि कडवटही."

झालं. गोकुळदास ताडकन उठला. खुर्ची मागे पडली.

"बाई, बोट तोंडात घालू नकात! वीख आसा त्यात!"

वर्तमानपत्रं एकदम खाली आली. त्या वाचनालयात इतक्या मोठ्याने कोणी बोलल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. पण गोकुळदासला आता थांबता येईना. मुंग्यांची पावडर, त्याआधी मुंग्या, त्याआधी गूळ, त्याआधी सोंड, असं सगळं तो उलट्या क्रमाने सांगत सुटला. "आणि फाडलं मी," तो म्हणाला. "पोरीने नाही. मी ओढलं. घरी तिचं नाव सांगितलं. बाई, तुम्ही दवाखान्यात चला, मी स्कूटर काढतो. तिचं कार्ड तेवढं ठेवा."

सत्यवतीबाईंचा हात गळ्याशी गेला. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत गोकुळदासने त्यांना घाबरलेलं प्रथमच पाहिलं. वाचकांतला एकजण म्हणाला मीठ-पाणी पाजा, दुसरा म्हणाला पाजू नका.

"ती पावडर न्हय," टेबलाच्या कडेवरून आवाज आला.

सगळ्यांनी खाली पाहिलं.

"पावडर आजयेन न्हाणीच्या दाराकडे घातल्यान," आनंदी म्हणाली. "पुस्तकाक वीख घालूक जायना, सरस्वती रागावता, असा आजी म्हणाली. मग तिणा हत्तीक हळद लावल्यान. तो लग्नाक जातलो ना."

बाईंनी बोट नाकाशी नेलं. वास घेतला. मग, सगळे बघत असताना, पुन्हा एकदा जिभेला लावलं.

"हळद," त्या म्हणाल्या.

गोकुळदासने पडलेली खुर्ची उचलली आणि तिच्यावर बसला. जिवंत बाई समोर बघून त्याला जो आनंद झाला तो फार टिकला नाही, कारण बाईंच्या गालांवर रंग परत आला होता आणि त्या पान उलटत होत्या. हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत पिवळाधमक होता. बाईंनी सोंडेच्या जोडावर नख घातलं, जरा ओढून पाहिलं, मग जोरात ओढून पाहिलं. सोंड हलली नाही.

"कोणी चिकटवलं म्हणालात?"

"आईने. हळर्णची आहे ती."

"हं." बाईंनी मागे कपाटात रचलेल्या फाटक्या पुस्तकांकडे एकवार बघितलं. "गूळ किती घातला ते विचारून या."

मग त्यांनी आनंदीकडे हात पुढे केला. आनंदीने कार्ड दिलं. बाईंनी 'आ' नीट निरखला, कार्ड उलटसुलट केलं आणि तिच्या हातात परत ठेवलं.

"तुझं नाही, बाय. नियम काय आहे? जो फाडील त्याचं." आणि त्यांनी चष्म्यावरून गोकुळदासकडे बघितलं. "दिवाळीपर्यंत."

गोकुळदासने खिशातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. नेहमीचे खून तिथल्याच फळीवर ओळीने उभे होते. दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश होता.

संध्याकाळी कोरगावच्या घरी दिवे लागले. वाचायला काही नाही म्हटल्यावर गोकुळदासला चैन पडेना. शेवटी तो ओसरीवर आनंदीपाशी जाऊन बसला. तिने त्या दिवशी आणलेलं पुस्तक एका सशाचं होतं, आणि सशाच्या घरातून कोणीतरी गाजर चोरलं होतं.

"कोणी चोरलां?" त्याने मान लांब करून विचारलं. "दाखव बघू."

आनंदीने पुस्तक पोटाशी घट्ट धरलं. तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे, आणि तिच्या डोळ्यांत खरी भीती दाटली.

"पप्पा, तू हात लावू नको," ती म्हणाली. "मी धरतंय, तू लांबसून वाच."

गोकुळदासने निमूटपणे दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि वाचायला सुरुवात केली. पान संपलं की तो थांबायचा, आणि आनंदी बोट जिभेला लावून पुढचं पान उलटायची.