दगडफुलांच्या आढाव्यातील नवव्या भागाची हकीकत

श्रीशारदा समर्थ. खडकास कोंब नाही, तेथे ज्याने फूल आणिले, त्यास आधी दंडवत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिकापासोन फाल्गुनापर्यंत दगडफुलांच्या दौलतीत जी धामधूम जाहली, तिची हकीकत जाणत्यांनी पुसली, म्हणोन जैसी घडली तैसी लिहिली. पदरचे घातले नाही. घातले असल्यास एक-दोन ठिकाणी, शोभेपुरते.

प्रथम मजकूर ऐसा जे, दगडफूल म्हणजे खडकावर व झाडाच्या सालीवर चिकटोन राहते, वाळवोन गोड्या मसाल्यात घालतात ते. आणि त्याचे थोर जाणकार राजश्री भास्करराव गायधनी, कॉलेजातून निवृत्त होवोन बारा वर्षे जाहली तरी ज्यांच्या हातचे भिंग सुटले नाही ऐसे. त्यांस एका नामांकित त्रैमासिकाने विनंती केली की, घाटमाथ्याच्या दगडफुलांवर शंभर वर्षांत जे जे लिहिले गेले त्या सर्वांचा आढावा आपण लिहावा. आणि भास्कररावांनी विडा उचलिला, नऊ भागांची आखणी केली, आठ भाग लिहिले, नवव्याचा नुसता आकडा घातला, आणि भाद्रपद मासी, सकाळचा चहा अर्धा ठेवोन, कैलासवासी जाहले. मग त्यांची एकुलती कन्या शाल्मलीबाई, इतिहास शिकविणाऱ्या, दगडफूल आमटीखेरीज कोठे न भेटलेल्या, यांनी वडिलांचा लेख मुदतीत दरबारी रुजू करण्याची मोहीम शिरावर घेतली. रडणे फार केले नाही. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. बाईंनी कामांची यादी केली.

भास्कररावांची शिस्त ऐसी की, ज्या लेखाचा दाखला द्यावा त्याचे एक कार्ड करावे, आणि मूळ लेख आपल्या डोळ्यांनी वाचिल्यावरच कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने "पाहिले" लिहावे. दुसऱ्याच्या यादीतून दाखला उचलणे यास ते न जेवता ढेकर देणे म्हणत. ऐसी एकशे शहाऐंशी कार्डे बुटांच्या खोक्यात निघाली, आणि प्रत्येकावर तांबडे "पाहिले". मग बाईंनी त्रैमासिकाचे नियम उघडिले, तो बेचाळीस पाने! शब्द आठ हजारांवर नसावेत, आणि लेख तर अकरा हजारांचा. मग बाई कात्री घेवोन उतरल्या, आणि मोठी कत्तल जाहली. "अत्यंत" ऐसे सदतीस पडले, "वास्तविक पाहता" सहकुटुंब गारद जाहले. मग दाखल्यांत आडनाव आधी, नाव मागे, ऐसा हुकूम निघाला, तेव्हा एकशे शहाऐंशी विद्वान मुंडी धरोन उलटे उभे केले. नववा भाग रिकामा दिसला, म्हणोन तो आकडाही पुसिला. मग लेख दाखल करोन घेणाऱ्या वेशीवरच्या संगणकाने पहिल्या लेखकाचा फोन नंबर मागितला. लेखक हयात नाहीत ऐसे संपादकांस वेगळे कळविले होतेच. परंतु चौकट रिकामी ठेविता येईना, म्हणोन बाईंनी घरचा नंबर घातला, आणि पुढे दोन दिवस फोन वाजला की आई व लेक एकमेकींकडे पाहोन उचलीत ना.

पौष मासी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. हे परीक्षक म्हणजे पडद्याआडचे सरदार, नाव कळो देत नाहीत आणि घाव चुकवीत नाहीत. पहिल्याने लिहिले, लेख उत्तम, तिसऱ्या चित्रात मोजपट्टी घालावी. दुसऱ्याने लिहिले, "घाटमाथ्यावर दगडफूल प्रथम टिपणारे टॉमकिन्स, वनखात्याचे मासिक, सन १९३१, खंड बारा, पान ४४. हा मूळ आधार गाळणे हे अज्ञान की उद्धटपणा, ते लेखकांनीच सांगावे. दाखला घालीपर्यंत लेख घेऊ नये." उत्तरास मुदत तीस दिवस. बाईंनी खोका दोनदा चाळिला. टॉमकिन्स नाही.

मग भास्कररावांचे शिष्य, त्याच कॉलेजातील विभागप्रमुख हणमंतराव चौगुले, यांस मसलतीस पाचारिले. ते बसले, चहा घेतला आणि बोलिले, "घाला की ताई. एक ओळ तर आहे. सगळेच घालतात."

"तुम्ही वाचलाय?"

"कोण, टॉमकिन्स? माझ्या प्रबंधात पहिल्याच पानावर आहे."

"वाचलाय का, हणमंतराव?"

"म्हणजे... आदर आहे हो त्यांच्याबद्दल."

बाईंनी दुसरा चहा दिला नाही. त्यांस एक ओळ घालोन वडिलांचा शेवटला लेख सुखरूप पार होत होता, आणि तीच ओळ वडिलांनी जन्मभर घातली नसती, ऐसा पेच पडला. मग बाईंनी इतिहासाची रीत चालविली, की वंशावळ उलटी चढावी. ज्या ज्या विद्वानाने टॉमकिन्स दिला त्यास पत्र लिहिले, आपण मूळ लेख कोठे पाहिला? एकाने लिहिले, अमक्यांच्या पुस्तकात. अमक्यांनी लिहिले, तमक्यांच्या लेखात. तमके म्हणाले, इतका प्रसिद्ध लेख कोणी पाहतो काय? ऐसे चढता चढता नववी पायरी आली, त्यामागे पायरी नाही. सन १९७८. लेखक, भा. गायधनी, वय वर्षे सव्वीस. बाईंनी चश्मा पुसोन पुन्हा पाहिले. तेच नाव.

मग कलकत्त्याच्या एका जुन्या ग्रंथालयास खंड बारा, पान ४४ मागितले. ग्रंथपाल मोठे सज्जन. त्यांनी लिहिले, "आपल्याच पत्त्यावर श्रावणात पान ४४ व पान ६१, दोन्ही पाठविली होती, गहाळ झाली असल्यास पुन्हा जोडतो." बाईंनी उघडिले, तो पान ४४ टॉमकिन्सांचे खरे, परंतु मजकूर हत्तींच्या तळपायांची निगा कैसी राखावी याचा. दगडफुलाचे नाव नाही. आणि पान ६१ वर दीड पानाचे टिपण, घाटमाथ्यावरच्या दगडफुलाचे, लिहिणार वनखात्याचे कारकून रघुनाथ पांडू धुरी.

आता श्रावणात आलेली पाने घरात असणार, तर वडिलांच्या कपाटात. आणि ते कपाट भाद्रपदापासोन कोणी उघडिले नव्हते. बाईंनी आईस किल्ली मागितली. आई म्हणाल्या, "ह्यांच्यामागे मीच ठेवली, दगडफुलाच्या डब्यात. घरातला तो एकच डबा ह्यांनी कधी उघडला नाही. म्हणायचे, आत कुठली जात आहे ते ओळखलं तर आमटी गळ्याखाली उतरणार नाही."

मग कपाट उघडिले. वरच्याच खणात १९७८ चा लेख, त्यात ती दोन पाने घडी घालोन, आणि समासात तांबडी शाई: "एकाच दिवशी दोन टिपणे उतरवून घेतली, नावे उलटसुलट झाली. दगडफूल धुरींचे. टॉमकिन्सचे हत्ती. माझ्या हातून धुरी पुसले गेले. छापून कबूल करणे. नववा भाग यासाठी." बाई खाली फरशीवर बसल्या. जो आकडा रिकामा म्हणोन पुसिला, त्याचसाठी वडिलांनी बाकीचे आठ भाग लिहिले ऐसे त्यांस दिसो लागले.

वर्तमान कळता चौगुले धावोन आले आणि समास वाचोन पांढरे पडले. बोलिले, "ताई, जरा ऐका. हे छापलं तर सरांचा शेवटचा लेख म्हणजे सरांची चूक. लोक तेवढंच लक्षात ठेवतील. आणि चाळीस लेख गोत्यात येतील, माझा प्रबंध धरून."

आई वाती वळीत होत्या. त्या बोलिल्या, "म्हणजे चाळीस विद्वान इतकी वर्षं हत्तीच्या तळपायावर उभे होते म्हण की, हणमंता."

"हो, काकू."

"आणि खाली कोण, तर ते धुरी." मग वात पुरी करोन म्हणाल्या, "त्यांनाही लेक असेल की एखादी."

बाई उठल्या आणि पुसिलेला आकडा परत घातला, आणि त्याखाली सहा वाक्ये लिहिली; शब्द वडिलांचे, क्रियापदे पुरी केली तेवढी बाईंची. आठ हजारांवर पंधरा शब्द चढले, म्हणोन आपले नाव जेथे आभारात होते ती ओळ काढिली. मग दुसऱ्या परीक्षकास अदबीने लिहिले, "आपल्या आज्ञेप्रमाणे टॉमकिन्स यांचा दाखला घातला आहे. तो नवव्या भागात हत्तींसह मिळेल. मूळ पान सोबत." आणि मुदतीस दोन दिवस असता रवाना केले.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. चौगुले रोज फोन करीत आणि रोज दुसरेच काही विचारीत. मग फाल्गुन शुद्धात उत्तर आले. पहिला म्हणे, मोजपट्टी पोहोचली. दुसऱ्याच्या मोजक्या ओळी: "माझ्या तीन लेखांत हा दाखला आहे. मी पाहिला नव्हता. हा लेख घ्यावा, आणि नवव्या भागातील एक शब्दही कापू नये."

त्या दिवशी बाईंनी दोन कोरी कार्डे घेतली. धुरींचे दीड पान दोनदा वाचिले. टॉमकिन्सही शेवटापर्यंत वाचिला. हत्ती बरा होतो. मग वडिलांची दौत काढिली, तो शाई सुकोन तळाशी बसलेली. तीत पाण्याचे चार थेंब घातले, काडीने ढवळिले, आणि दोन्ही कोपऱ्यांत "पाहिले" लिहिले. रंग फिका आला. अक्षर वडिलांसारखे आले नाही. बाई कितीएक वेळ त्याजकडे पाहत राहिल्या, आणि आईने दोनदा जेवावयास हाक मारिली ती त्यांस ऐकू गेली नाही.

एकूण हकीकत इतकी जे, लेख छापोन आला. माथ्यावर गायधनी, नवव्या भागात धुरी, दोघेही आपापल्या जागी. चौगुले प्रबंध काढोन पहिल्या पानास बसले आहेत. खोक्यात एकशे शहाऐंशी कार्डे गडद, दोन फिकी. येणेप्रमाणे पाहिले, ते लिहिले.