पेन्सिलीची हजेरी

इंगोले सर वर्गाची हजेरी वर्ग भरायच्या आधीच घेतात. स्टाफरूममध्ये बसून साऱ्यांना पेन्सिलीने हजर करतात. मग वर्गात येऊन न आलेल्यांना खोडतात आणि उरलेल्यांवर पेन फिरवतात. त्यासाठी कानावर पेन्सिल आणि गळ्यातल्या दोरीला खोडरबर. विभागप्रमुखांनी यावर लेखी समज दिली. सरांचं उत्तर समज येण्याआधीच लिहून तयार होतं.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते संगणक शिकवतात. चार जुने संगणक तारांनी जोडून त्यांनी सगळ्यांची मिळून एकच मेमरी केली आहे. एकाला हवा असलेला आकडा दुसऱ्याकडे असला, की तो येईपर्यंत पहिला खोळंबतो. सरांना खोळंबणं सोसत नाही. त्यांचा संगणक आकड्याचा अंदाज धरून पुढचं काम करतो आणि ते वेगळं ठेवतो. खरा आकडा जुळला तर काम पक्कं, नाहीतर खोडून पुन्हा.

प्रमुख म्हणाले, चुकू शकतं ते काम करायचंच कशाला?

"बसून राह्यलो असतो तरी तेवढाच वेळ गेला असता न, साहेब," सर म्हणाले. "मंग हातपाय हालवले तं बिघडलं काय?"

कॅन्टीनमध्येही तेच. मी दारात दिसले की माझा चहा सांगून मोकळे. मी नको म्हटलं तर दोन्ही कप स्वतः पितात.

मी बार्शीटाकळीची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. एम.टेक.साठी बाहेरगावी जायला बाबांचा होकार हवा होता. विचार करून सांगतो, म्हणाले होते. अर्जाची शेवटची तारीख आली तरी मी थांबूनच होते. सरांनी मात्र मला न विचारता छापील अर्ज पेन्सिलीने भरून ठेवला होता.

"बाबा नाही म्हणाले तर?" मी चाचरत विचारलं.

"तं मागं घेऊ. बार्शीटाकळीले येऊन तुह्या बाबाच्या शिव्या मी खातो. पण वाट पाहाची नाही, पोरी. पेन घे खणातून."

खणात पेनाखाली आणखी एक अर्ज होता. पिवळा पडलेला, याच शिक्षणाचा. नाव सरांचं. सगळा पेन्सिलीने भरलेला. पेन कुठेच फिरलं नव्हतं, आणि काही खोडलंही नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"माह्या बाबानं हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "तारीख गेल्यावर."

मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी टोपण काढलं आणि परत दिलं. बाबांचा फोन अजून आला नव्हता. मी माझ्या नावापासून सुरुवात केली.