यंत्राप्रमाणे चार वाजता

वारंगा फाट्यापासून आत असलेल्या एका तांड्यात, नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाल्यावर, तांड्याचे प्रमुख रूपसिंग नाईक यांच्या घरी घड्याळ, रेडिओ व टेलिफोन असे तिन्ही मिळून एक नग दाखल झाला. टेलिफोनसाठी अर्ज केला तेव्हा नाईकांचा मुलगा विकास नववीत होता. तार घरापर्यंत आली तेव्हा तो तालुक्याच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक झाला होता आणि त्याची लेक अंगावर पीत होती. इतकी वर्षं वाट पाहून नुसता फोन घ्यावा, हे नाईकांना पटेना. सोबत आणखी काहीतरी पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. म्हणून आखाडा बाळापूरच्या सादिकनं, भावानं आखातातून आणलेलं हे यंत्र त्यांना दिलं आणि बसवायलाही स्वतःच आला.

"नाईकसाब, चीजा तीन, प्लग एक," सादिक बटणं दाबत म्हणाला. "फोन आला की रेडिओ आपोआप गप. फोन ठेवला की रेडिओ फिरून चालू. आन हा स्पीकर. दाबला की समद्या बैठकीला ऐकू येतं, उचलायची बी तकलीफ न्हाई."

"आन लाईट गेल्यावर?" हे थावरा कारभाऱ्यांनी विचारलं. तांड्यात नाईकानंतर कारभाऱ्याचा मान, आणि शंका काढणं हे कारभाऱ्याचं कामच.

"फोन चालतो. रेडिओ बंद. घड्याळाला मागून चौकोनी सेल टाकावा लागतो, न्हाई तर लाईट आल्यावर ते बारापासून सुरू होतं. तो सेल बाळापुरात न्हाई मिळत. नांदेडला मिळतो."

सेल आणायचं ठरलं. त्यानंतर तांड्यातून नांदेडला जो जो गेला, त्याला सेलची आठवण परतीच्या एसटीत बसल्यावर झाली.

यंत्र कुठं ठेवायचं यावर फार चर्चा झाली नाही. मानाची वस्तू मानाच्या जागी. बैठकीतल्या कोनाड्यात ते बसवलं, हळदकुंकू वाहिलं आणि नाईकांच्या बायकोनं, म्हणजे रुक्माबाईंनी, वरून आरसे लावलेला रुमाल पांघरला. बैठकीत दिवसभर नाईक, कारभारी आणि घरी थांबलं की काम लागेल अशी भीती असलेली दोघं-तिघं माणसं बसलेली असत.

नाईकांची सून शिला त्या वेळी आतल्या दारामागं उभी होती. सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं नाही. बैठकीत यावंच लागलं तर हातभर पदर ओढून यायचं, आणि ती आत असेपर्यंत थोरल्या माणसांनी तोंड भिंतीकडं फिरवायचं, असा तिथला रिवाज. शिला बारावी झालेली होती. यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घरात तिनं एकटीनंच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, कारण विकासनं ते चाळून "सोपं हाय" एवढा शेरा मारून खाली ठेवलं होतं. पण पुस्तक आत होतं आणि यंत्र बाहेर.

तसं तिला यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिच्या याडीशी, म्हणजे आईशी, बोलायचं होतं. बाळंतपण वसमतला आईकडं झालं. लेकीला घेऊन ती सासरी आली, आणि कापूस वेचणीच्या धबडग्यात तिचं दूध कमी पडू लागलं. लेक ओढून ओढून दमायची, रडायची, रडत रडत झोपायची आणि झोपेतही ओठ हलवत राहायची. वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजलं तर लेकरू ते तिच्याच पदरावर परत करी. रुक्माबाई म्हणत, "आमच्या घरात कोणालाच कमी पडलं न्हाई." आईला विचारलं तर ती सांगेल, एवढं शिलाला पक्कं ठाऊक होतं. पाच मिनिटं पुरली असती.

आणि आईचा फोन आला. वसमतच्या एसटीडी बूथवरून. घरातली गोष्ट घरातल्या सगळ्यांना कळली पाहिजे, अशा उदार विचारानं नाईकांनी स्पीकर दाबला, आणि विहिणीशी आपण कसं बोलावं म्हणून रुक्माबाईंना हाक मारली. रुक्माबाई येऊन यंत्र आणि दार यांच्या बरोबर मध्ये उभ्या राहिल्या.

"मी जिवनबाई बोलून राहिले," यंत्र म्हणालं. "शिला हाय का?"

"हाय. दारामागं हाय."

"बरी हाय का?"

रुक्माबाई दाराकडं वळल्या. "बरी हायस का, विचारून राहिली." मग यंत्राकडं वळल्या. "बरी हाय म्हणती."

"लेकरू कसं हाय? दूध पुरतं का तिचं?"

बैठकीतल्या सगळ्या पुरुषांनी एकदम खाकरून आढ्याकडं पाहिलं.

"पुरतं की," रुक्माबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कोणालाच कमी पडलं न्हाई."

दारामागं शिला जोरजोरात नाही, नाही अशी मान हलवत होती. मान हलवलेली पलीकडं ऐकू जावी, अशी सोय यंत्रात नव्हती. पुस्तकातही तसं काही दिलेलं नव्हतं.

"काही तकलीफ तर न्हाई ना तिला?"

"न्हाई म्हणती," हे थावरा कारभाऱ्यांनी परस्पर सांगून टाकलं. रेडिओवर हळदीचे भाव सांगायची वेळ झाली होती, आणि फोन चालू असेपर्यंत रेडिओ तोंड उघडणार नव्हता.

असे तीन फोन झाले. तिसऱ्या फोनात जिवनबाईंनी आपल्याही घरी आता टेलिफोन बसल्याचं सांगितलं. तो नंबर नाईकांनी कोळशानं भिंतीवर लिहून घेतला, पण तेवढ्यात भाव निघून गेले. भाव कळले नाहीत की कारभाऱ्यांना दिवसभर कोणाशी तरी वाद घालावा लागे. तेव्हा यंत्राच्या वापराला काहीतरी शिस्त लावावी, अशी मागणी पुढं आली.

त्याच दिवशी विकासला जेवायला वाढताना शिला म्हणाली, "मला याडीशी एकटीनं बोलायचंय."

"काहून? समद्यांपुढं बोलता येत न्हाई असं काय हाय?"

तिनं सांगितलं. विकासचा घास हातातच राहिला. तो मनानं चांगला होता. झोळीत झोपलेल्या लेकीकडं तो बराच वेळ बघत बसला, आणि मग दुसऱ्या कोणत्याही नवऱ्याला सुचलं नसतं असं काहीतरी त्याला सुचलं.

"हे नियमात बसवावं लागंल," तो म्हणाला.

रविवारी बैठक भरली. विकासनं मसुदा वाचला: महिलावर्गाची दीर्घकाळची गैरसोय लक्षात घेता, यंत्राच्या वापरासाठी त्यांना रोज दुपारी चार ते पाच अशी स्वतंत्र वेळ देण्यात येत आहे. सदर वेळेत पुरुषवर्गानं बैठक सोडावी व स्पीकर बंद ठेवावा.

"वेळ कोणाच्या घड्याळाप्रमाणे?" कारभाऱ्यांनी शंका काढली. "ज्याच्या त्याच्या मनगटाप्रमाणे गेलं तर भांडणं लागतील."

"मग यंत्राप्रमाणेच धरू," नाईक म्हणाले. "घरात घड्याळ असताना बाहेरची वेळ काहून घ्यायची?"

ठराव एकमतानं मंजूर झाला. दारामागं उभ्या असलेल्या शिलाला त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

अडचण एवढीच निघाली, की यंत्रात चार वाजेनात. लाईट तीन तास असायची आणि मग जायची. पुन्हा आली की यंत्र बारापासून सुरुवात करायचं. एक व्हायचा, दोन व्हायचे, तिनाच्या आसपास आकडे विझायचे आणि सगळा दिवस परत बारावर येऊन बसायचा. सलग चार तासांच्या वर लाईट फक्त रात्री टिकायची. तेव्हा यंत्रात व्यवस्थित चार वाजत, आणि दुपार की रात्र हे यंत्र काही सांगत नसे. पण त्या वेळी नाईक बैठकीत झोपलेले असत, आणि झोपलेल्या माणसानं बैठक सोडावी की कसं, याबाबत ठरावात काही म्हटलेलं नव्हतं.

शिला रोज दाराच्या फटीतून लाल आकड्यांकडं बघे. कडेवर लेक चोखायला आपलीच मूठ शोधत असे.

"चार वाजतच न्हाईत," एक दिवस ती विकासला म्हणाली.

"वाजत न्हाईत त्याला नियम काय करंल? वेळ तर दिलेली हाय."

"दोन बटणं दाबली की लागतं. पुस्तकात हाय. तुमी लावून द्या ना."

"मी लावलं की थावराकाका म्हणतील, बायकोसाठी घड्याळ फिरवलं. माझी नोकरी सरकारी हाय, शिला."

"मग सेल तरी आना."

"सांगितलंय नांदेडला जाणाराला."

तांड्यातल्या बाकीच्या बायकांनीही कुरकुर केली. ती नाईकांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी शांतपणे खुलासा केला. "चार समद्यांसाठीच वाजत न्हाईत. ह्यात कोणावर अन्याय झालेला न्हाई."

यंत्र पुसायचं काम मात्र ठरावाच्या आधीपासून सुनेकडं होतं. धुळीला कोणती वेळ लावून दिलेली नव्हती. त्या दिवशी जेवणं उरकून पुरुष बैठकीत आडवे-तिडवे बसले होते, रेडिओ चालू होता, यंत्रात नुकताच एक वाजून गेला होता. शिला हातभर पदर ओढून, हातात फडकं घेऊन आत आली. नाईकांनी तोंड भिंतीकडं केलं. कारभाऱ्यांनी केलं. बाकीच्यांनीही केलं. आणि फडकं फिरवता फिरवता शिलाच्या लक्षात आलं, की ह्या भरल्या बैठकीत आपल्याकडं बघणारं या क्षणी कोणी म्हणजे कोणी नाही. तांड्याच्या रिवाजानंच तशी तजवीज करून ठेवलेली होती.

आरशांच्या रुमालाखाली तिनं एक बटण अंगठ्यानं दाबून धरलं, दुसरं बोटानं तीनदा दाबलं, फडकं झटकलं आणि ती आत गेली.

माना पुन्हा सरळ झाल्या. "नाईक," थावरा कारभारी म्हणाले, "चार वाजले."

नाईकांनी यंत्राकडं बघितलं. मग दारातून अंगणाकडं बघितलं. ऊन डोक्यावर होतं. "सावल्या अजून पायाखालीच हायत की."

"सावलीचं ठरावात काही न्हाई."

नाईक कायद्याला मानणारे होते. ते उठले, त्यांच्यामागं सगळे उठले आणि रखरखत्या उन्हात कडुनिंबाखाली जाऊन बसले. आजकाल चार वाजताही ऊन फार लागून राहिलं, याबद्दल तिथं सर्वांचं एकमत झालं.

रुक्माबाई ओसरीवर भाकरी खात होत्या. त्यांनी सूर्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं आणि मग सुनेकडं.

"रोज कर," रुक्माबाई म्हणाल्या. "पन माझी भाकर खाऊन झाल्यावर." आणि लेकरू आपल्या मांडीवर घेऊन त्या दाराकडं पाठ करून बसल्या.

भिंतीवरचा नंबर शिलानं लावला. पलीकडं घंटी वाजली, कुलूप उघडल्यासारखा आवाज झाला आणि आई बोलली.

"याडी, मी शिला."

"जवळ कोण हाय?"

"कोणीच न्हाई."

मग शिलानं सगळं सांगितलं. दूध, मूठ, झोपेत हलणारे ओठ.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "ऐक. लेकरू रडलं की दर वेळी जवळ घे. काम राहू दे. जितकं घेशील तितकं येतं. हाळिवाची खीर खा, पाणी पी पोटभर. रात्री कुशीत घेऊन नीज. आन भिऊ नको, बाई. मला बी तुझ्या वेळी असंच झालतं. माझ्या याडीनं सांगितलं म्हणून निभावलं."

"तुला बी झालतं?"

"मग? सांगायला कोणीतरी लागतंच की."

शिलानं पदरानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी तिला छाती भरून आल्यासारखी वाटली. तेवढ्यात आईच्या मागून कोणाचा तरी आवाज आला.

"कोणाचा फोन हाय, आत्याबाई?"

"कोणाचा न्हाई," आई तिकडं तोंड करून म्हणाली. "जा तू, पीठ मळ." आणि परत फोनमध्ये, दबक्या आवाजात, "तुझी वहिनी हाय, सुनिता. सातवा लागलाय तिला. उठता-बसता तिच्या मायला फोन लावायचा म्हणती. मायजवळ एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे. मी मग फोन पेटीत घालून कुलूपच लावलं. किल्ली माझ्या कमरेला. तुमच्याकडं कसं हाय?"

"आमच्याकडं वेळ ठरवून दिलीय. चार वाजता."

"हे बरं हाय. मी बी तसंच करते. ओरड राहत न्हाई मग."

वहिनीला किल्ली देऊन टाक याडी, हे शब्द शिलाच्या ओठांवर आले होते. सातवा महिना म्हणजे काय, कशाकशाची भीती वाटते, हे तिला अजून सगळं ताजं होतं. पण दुसराही एक विचार त्याच वेळी आला. सुनितावहिनी दुपारभर तिच्या आईशी बोलत बसली, तर आपण कधीही लावा, वसमतची लाईन एंगेजच लागेल.

"चांगलं केलंस, याडी," शिला म्हणाली.

नियमांविषयी लिहिताना तटस्थ राहावं लागतं, म्हणून एवढं नोंदवून ठेवायला हवं, की लेक पुढं चांगली बाळसं धरून वाढली, आणि वसमतला सुनितासाठी दुपारची स्वतंत्र वेळ लागू झाली. आम्ही शिलाच्या जागी असतो तर किल्ली द्यायलाच सांगितलं असतं, असं आता ज्यांना वाटून राहिलं असेल, त्यांनी आपल्या घरचा नंबर कळवावा. भरदुपारी लावून बघू. उचलतं कोण, एवढंच बघायचं आहे.