पवित्राचं जुनं यंत्र आणि मी ओढलेला प्लग

माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस अजून कुंभकोणमात जन्माला यायचाय! शाळेत मी तिसरीपर्यंतच गेले, कारण तिसरीच्या बाईंना जेवढं येत होतं तेवढं मला आधीच येत होतं. दारासुरमचा विणकर एका साडीचा पदर दाखवून दुसरीच साडी गळ्यात मारतो, हे मी त्याच्या पायरीवरूनच ओळखते. दूधवाल्याच्या चालीवरून मला दुधातलं पाणी कळतं. मग माझ्याच घरात, माझ्याच मागच्या खोलीत, माझी सून काहीतरी शिजवतेय हे मला कळणार नाही?

पवित्रा माझी सून. कॉम्प्युटरचं काम करते, तेही घरात बसून. मागच्या खोलीत तिनं दोन यंत्रं मांडलीत. एक नवं, पोळपाटाएवढं. दुसरं जुनं, तांदळाच्या कोठीएवढं, आणि घोरणं तर थेट माझ्या भावाचं, अप्पाजीचं! ही खोलीत असो वा नसो, यंत्रं चालूच.

“तू इथे बसून कोथिंबीर निवडतेस, मग कंपनीचं काम कोण करतंय?” मी विचारलं.

“यंत्रंच करतात, आत्याबाई. आपोआप.”

“आणि पगार?”

“तो मी घेते.”

आता सांगा, संशय यायला आणखी काय लागतं?

तिनं समजावलं. खोटं कशाला बोलू, नीट समजावलं. डिस्क म्हणजे कोठीची खोली. कुठला डबा कुठल्या फळीवर, याची यादी तिथेच लिहिलेली असते. यादी बिघडली की ती दुरुस्त करणारी अवजारं हिची कंपनी बनवते, आणि ती अवजारं ही तपासते. म्हणजे काय, तर यंत्र आपणहून डिस्क मांडतं, आपणहून मोडतं, अवजाराकडून दुरुस्त करून घेतं, आणि बघतं, की एकदा सुधारलेली चूक परत डोकं वर काढत नाही ना? दिवसातून चारशे वेळा!

“हेच मी या घरात चाळीस वर्षं करतेय,” मी म्हटलं. “मला कुणी पगार दिला? आणि त्यासाठी दोन-दोन यंत्रं कशाला?”

“मोठी संख्या यंत्र तुकड्यातुकड्यानं लिहितं, आत्याबाई. जुनं यंत्र मोठा तुकडा आधी लिहितं. नवं यंत्र धाकटा आधी. अवजार दोन्हीकडे सारखं चालायला हवं.”

“धाकटा आधी?” मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पानावर वाढल्याशिवाय पोरांच्या पानावर मीठसुद्धा पडत नाही! त्या क्षणापासून मी जुन्या यंत्राच्या बाजूची झाले.

पण त्या म्हाताऱ्या यंत्राचं नशीबच खोटं. नव्याच्या नावापुढे सगळ्या ओळी हिरव्यागार. म्हाताऱ्याच्या नावापुढे चार-पाच दिवसांतून एकदा लाल! का, ते कुणालाच सापडेना. नवरात्रात एक दिवस माझा मुलगा सुरेंद्र जेवताना म्हणाला, “आई, गुरुवारपर्यंत त्या लाल ओळीचं कारण सापडलं नाही, तर कंपनी जुन्या यंत्रांचं काम बंद करणार. मग पवित्राला बंगळूरला जावं लागेल. म्हणजे मलाही.”

“जा की!” मी म्हटलं. “माझं काय अडलंय?” आणि आत जाऊन डाळींचे डबे घासायला घेतले, ते त्यांच्यावरची नावं पुसून जाईपर्यंत घासत बसले.

त्याच दुपारी पवित्रा फोनवर तमिळमध्ये बोलत होती. मी दाराआड उभी होते. चोरून ऐकत नव्हते, दाराला तेल घालत होते.

“हो सर, परत मोडते. मुद्दामच मोडते. जुन्यावर जास्त मोडते, काळजी करू नका.”

तेलाची वाटी मी तिथेच दारात ठेवली! मी तडक अप्पाजीला बोलावलं. तो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालाय, आणि जगातली प्रत्येक वायर आपल्याला ओळखते असं त्याला वाटतं.

“सरळ आहे, अक्का,” तो म्हणाला. “हिला बंगळूरला जायचंय. म्हणून म्हाताऱ्याला ठरवून नापास करतेय.”

मलाही तेच वाटत होतं. त्यानं आधी म्हटलं, म्हणून थोडं कमी वाटायला लागलं, एवढंच.

बुधवारी सरस्वतीपूजा. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांना सुट्टी. विळी, खलबत्ता, मिक्सर, सुरेंद्रची स्कूटर, सगळ्यांना चंदन-कुंकू लावायचं आणि हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. सुरेंद्र देवळात गेला होता. पवित्रा पूजेची पोरी, म्हणजे आपले चुरमुरे, आणायला निघाली आणि दारातून वळून म्हणाली, “यंत्रांना चंदन लावा, आत्याबाई, पण बंद करू नका हं! रविवारपासून शेवटची चाचणी चाललीय. मध्ये थांबली तर संपलंच सगळं.”

संपलंच? कुणाचं? मी अप्पाजीकडे बघितलं, अप्पाजीनं माझ्याकडे बघितलं.

मी चंदनाची वाटी घेऊन खोलीत गेले. नव्याला टिळा लावला. म्हाताऱ्याला लावायला गेले तर अंग तापलेलं, तव्यासारखं! ज्या दिवशी माझ्या विळीला सुट्टी, त्या दिवशी यानं राबायचं? आणि राबून राबून परत नापास व्हायचं? पाप कुणाच्या माथी? माझ्या!

“ओढ प्लग,” मी म्हटलं.

“तू ओढ, अक्का. मी निवृत्त आहे.”

मी ओढला.

घोरणं थांबलं. घर एकदम असं शांत झालं, जसं कार्यात आचारी निघून गेल्याचं कळल्यावर होतं. मग म्हाताऱ्याची खबर ठेवणारा नव्या यंत्राचा पडदा लाल व्हायला लागला. एक ओळ, दहा ओळी, अंगणात मिरच्या वाळत घातल्यासारखा! आणि पवित्राचा घरी राहिलेला फोन वाजला. अप्पाजीचा हात सवयीनं पुढे गेला.

“राँग नंबर!” म्हणून त्यानं कट केला. फोन परत वाजला.

“मी शंकरनारायण, बंगळूरहून, पवित्राचा मॅनेजर,” पलीकडचा माणूस ओरडत होता, मला इथपर्यंत ऐकू आलं. “जुनं यंत्र गेलं की काय?”

“गेलं नाही,” अप्पाजी शांतपणे म्हणाला. “पूजेला बसलंय.”

मी झेप घेतली! प्लग परत खुपसला. म्हातारा खोकला, गुरगुरला, पडद्यावर भराभर काहीतरी लिहीत सुटला, आणि शेवटी एक ओळ हिरवी झाली! अप्पाजीनं चष्मा लावून वाचलं, “लिहिलंय, सगळं दुरुस्त.” मी म्हाताऱ्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

पवित्रा आली ती थेट खोलीत. फूल बघितलं, पडदा बघितला, बोटं चालवली, आणि चुरमुऱ्यांच्या पिशवीसकट खाली बसली.

“हे हिरवं खोटं आहे, आत्याबाई! अवजार म्हणतंय यादी दुरुस्त केली. पण डबे बघा. सगळे जागच्या जागी, आणि आत एक दाणा नाही!” तिचे डोळे भरून आले.

मी कधी पडतं घेतलंय? “रडतेस कशाला? हेच हवं होतं ना तुला? मुद्दाम मोडून मोडून म्हाताऱ्याला नापास करायचं आणि बंगळूर गाठायचं! मी कानांनी ऐकलंय!”

तिनं वर बघितलं. “मोडते ती कारण सापडावं म्हणून! सापडलं तर काम इथेच राहील. बंगळूरला त्यांनी मला दोनदा बोलावलं, दोन्हीदा मी नाही म्हटलं. तिथे माझ्या भाताला नावं कोण ठेवणार?”

मी पडतं घेतलं आणि वाकून तिची चुरमुऱ्यांची पिशवी उचलली. असं चाळीस वर्षांत प्रथमच! ते बघून अप्पाजी चपला न घालताच पळाला.

पवित्रानं पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता थांबली.

“थांबा. तुम्ही प्लग ओढला तेव्हा म्हातारा लिहीत होता का?”

“मला काय ठाऊक? घोरत होता.”

ती उठली आणि किती वेळ पडद्यात डोकं घालून बसली. मग एकदम ओरडली, “सापडलं! मोठा तुकडा लिहून झाला आणि करंट गेला. धाकटे तुकडे राहूनच गेले. अवजाराला वाटलं, मोठा आलाय म्हणजे संख्या पुरी झाली! नव्या यंत्रात धाकटा आधी, म्हणून तिथे अर्धी संख्या लगेच उघडी पडते. आणि इथे करंट गेला, की इन्व्हर्टर लागेपर्यंत म्हातारा क्षणभर डोळा मिटतो, आपोआप उठतो, परत कामाला लागतो. कुणाला पत्ता नाही. पुढच्या तपासणीत डबे रिकामे निघतात. तीच ती लाल ओळ!”

“मग इतके दिवस तू मोडत होतीस ते काय?”

“आम्ही संख्या पुरी झाल्यावर मोडायचो, आत्याबाई. नीट. असं वेळकाळ न बघता, अर्धवट मोडायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही!”

ही स्तुती होती की टोमणा, ते मी अजून ठरवतेय.

गुरुवारी शंकरनारायणच्या माणसांनी अवजार सुधारलं. म्हातारा पास! जुन्या यंत्रांचं काम चालू राहिलं, आणि बंगळूर राहिलं बंगळूरला. मी कुणाला काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवशी पवित्राच्या भाताला नावं ठेवली नाहीत. तर ती घाबरून विचारायला आली, “आत्याबाई, बरं वाटत नाही का?”

मग ती म्हणाली, “ही चूक परत यायला नको. दर मंगळवारी अकरा वाजता प्लग तुम्हीच ओढायचा. हात तुमचाच हवा.”

तेव्हापासून मंगळवारी मी धुतलेली साडी नेसते, वेणी घालते आणि अकराच्या ठोक्याला प्लग ओढते. स्वामीमलैच्या नणंदेला फोन करून सांगितलंसुद्धा, की आता मीही कंपनीत आहे.

काल ओढला. ओढून उभी राहिले. म्हातारा घोरतोच आहे! थोड्या वेळानं आपणहून थांबला, आपणहून सुरू झाला. परत थांबला, परत सुरू. मला संशय आला. हातातली वायर धरून मी कपाटामागे गेले. वायर तिथेच संपत होती. टोक दोऱ्यानं नीट गुंडाळून ठेवलेलं, वर चिकटपट्टी. कशाला जोडलेलीच नव्हती! म्हाताऱ्याचा खरा करंट आता यंत्रच आपोआप तोडत होतं.

दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे जाब विचारला असता. मी वायर होती तशी ठेवली, प्लग परत खोचला आणि हाक मारली, “पवित्रा! झालं गं माझं काम!”

“थँक यू, आत्याबाई!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

येत्या मंगळवारीही ओढणार आहे. तुम्ही मात्र तिच्याजवळ बोलू नका हं!