खालच्या पाट्या

“ऊठ दाम्या! पाट्या पडतील!” नाना असे ओरडले की पुण्याच्या त्या दवाखान्यातले तीन पेशंट उठून बसले. त्यातला एक म्हणे आठवडाभर बेशुद्ध होता.

“अहो, दवाखाना आहे हा!” नर्स धावत आली.

“मीबी दवाखान्यातलाच, ताई. जनावरांच्या.”

खोटं नव्हतं. सोपाननाना बेल्ह्याला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. नव्वद सालच्या आसपास लाळ्या-खुरकताची लस न्यायला पुण्यात आले आणि बर्फ वितळायला लागला म्हणून डब्यासकट एका गार थिएटरात घुसले. आत परदेशी पिक्चर चालू होता. लस वाचली, नाना कामातून गेले! तेव्हापासून फिल्म क्लबचा रविवारचा खेळ त्यांनी सोडला नाही. ना गाणं, ना मारामारी. पडद्यावर एक माणूस तासभर खिडकीतून बघतोय आणि इकडं नाना घामाघूम, “आता काय व्हतंय राव!” सोबतीला गावातलेच मी आणि दामू. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या चुकल्या तर नाना चार दिवस सुतकात. खालच्या इंग्रजी पाट्या दामूला वाचता येत नसत. औषधांच्या बाटल्यांवर कमावलेल्या इंग्रजीतून नाना त्या त्याच्या कानात सांगायचे.

त्या दिवशी गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दामूच्या बायकोचं ऑपरेशन. चार दिवस दामू बाकावरून हलला नव्हता, धड जेवला नव्हता.

“मेव्हणी बसलीय तिच्यापाशी. दोन तास याचं डोकं दुसरीकडं ऱ्हाईल,” नाना मला म्हणाले.

पिक्चर कसला आहे, हे नानांना तरी कुठं ठाऊक! पडद्यावर आले डोंगर, मेंढरं. धनगराच्या घरातला दामू लगेच खुलला, “नाना, ती कडंची मेंढी लंगडतीय.” मग पडद्यावरची म्हातारी अंथरुणाला खिळली. नानांचा गुडघा असा उडायला लागला की आमची अख्खी रांग झोके घेऊ लागली. डॉक्टरनं मान हलवली. पाटी आली: आता उपाय नाही.

“काय म्हणतोय?” दामूनं विचारलं.

“गोळ्या बदलून देतो म्हणतोय.”

मी चमकून पाहिलं. नानांनी माझी मांडी अशी दाबली की वळ महिनाभर राहिला.

थोड्या वेळानं चौघांनी तिला पांढऱ्या चादरीखाली बाहेर काढलं.

“कुठं नेत्यात?”

“मोठ्या दवाखान्यात.”

“मग रडत्यात कशापायी?”

“गाडी मिळंना, राव!”

मागून कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. “नाना, पाटीवर तसं नव्हतं.”

“माझं इंग्रजी कच्चं हाय,” असं म्हणून ते माझ्याकडं न बघता भजी आणायला पळाले. दामूनं दोन प्लेटी संपवल्या. नाना चहा सांगायला गेले तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, “पिक्चर कळला का रे?”

“कळला,” दामू म्हणाला. “नानांना सांगू नका.”