चार वर्ग, चार शिक्षक आणि माझं बिनचूक वेळापत्रक

मंडळी, शाळेतल्या शिक्षकांना एकत्र कसं आणावं, या विषयावर माझ्याइतकं वाचन आमच्या अख्ख्या शहरात कुणाचं नाही! हे वाक्य मी आयुष्यात एकदाच उच्चारलं, तेही मोठ्या बाईंसमोर, आणि उच्चारताक्षणी मला दरदरून घाम फुटला. कारण वाचन होतं, हे खरं. पण शिक्षक सोडा, मला घरातली दोन मांजरंसुद्धा कधी एका ताटलीत जेववता आलेली नाहीत.

मी शाळेचा ग्रंथपाल. एकतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर. मुलं मला ‘शूऽऽ सर’ म्हणतात, कारण माझ्या तोंडून त्यांनी दुसरं काही फारसं ऐकलेलं नाही.

त्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ग्रंथालयात आल्या, चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, “खोली फारच मोठी आहे हो ही!”

घरमालक असं बोलायला लागला की भाडेकरूनं ओळखावं!

“पीटीच्या सरांच्या गाद्या व्हरांड्यात कुजताहेत,” त्या म्हणाल्या. “त्या इथे ठेवू. तुमची दोन कपाटं जिन्याखाली मावतील. बाकीची पुस्तकं खोक्यांत भरा.”

“बाई, खोक्यांत? त्यांचा जीव गुदमरेल हो!”

“अहो, मग कुणीतरी इथे यायला नको? गेल्या महिन्यात एक तरी शिक्षक या खोलीत आला का? खरं सांगा.”

“एक कबूतर आलं होतं,” मी खरं ते सांगितलं.

बाई कपाळाला हात लावून माझ्यासमोर बसल्या. त्यांचीही एक अडचण होती. शिक्षकांचा ‘अध्ययन समूह’ करा, असा वरून आदेश आलेला. शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे, मग एकत्र बसून त्यावर बोलायचं आणि एकमेकांकडून शिकायचं. गुरुवारी खात्याचे साहेब ते पाहायला येणार होते आणि पुढाकार घ्यायला कुणी तयार नव्हतं. याच क्षणी माझ्या तोंडून ते वाचनाचं वाक्य निसटलं.

बाई उभ्या राहिल्या. “ठरलं! गुरुवारी साहेबांना या खोलीत चार शिक्षक एकत्र काम करताना दिसले, तर खोली तुमची. नाहीतर गाद्या!”

आता आमचे चार शिक्षक म्हणजे चार दिशांची तोंडं. गणिताचे सर आणि भाषेच्या बाई एकमेकांशी तीन वर्षं बोललेले नव्हते. बाईंनी पाठांतर स्पर्धेसाठी सरांचे दोन तास घेतले होते आणि सर ती वजाबाकी विसरायला तयार नव्हते. पीटीच्या सरांच्या एका चेंडूनं प्रयोगशाळेतली चौदा काचपात्रं फोडली होती, तेव्हापासून विज्ञानाच्या बाई त्यांच्याकडे पाहतच नसत. स्टाफरूममध्ये हे चौघं चार कोपऱ्यांत बसत. पाचवा कोपरा असता तर प्रत्येकानं तोही मागून घेतला असता!

समोर जाऊन बोलायचं माझ्यानं होईना. तीनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा पाणी पिऊन परत आलो. मग मला जी एकच विद्या येते तिचा आधार घेतला. पुस्तकं कशी देतो? कार्डावर! मग शिक्षकही कार्डावर द्यायला काय हरकत आहे? गणिताच्या सरांना भाषेच्या बाई इश्यू केल्या. भाषेच्या बाईंना विज्ञानाच्या बाई. विज्ञानाच्या बाईंना पीटीचे सर. आणि पीटीच्या सरांना गणिताचे सर. प्रत्येक कार्डावर लिहिलं: ‘गुरुवार, तिसरा तास. यांचा तास मागच्या बाकावर बसून पाहावा. तास संपताच कार्ड ग्रंथालयात परत करावं.’ फाटल्यास किंवा हरवल्यास काय, तेवढा मजकूर गाळला आणि कार्डं गुपचूप चौघांच्या हजेरीपटांत सरकवली.

घरी बायकोला ते वेळापत्रक दाखवलं. माझी छाती अशी फुगलेली की शर्टाचं दुसरं बटण कुरकुरत होतं.

“अहो, पण गणिताचे सर भाषेच्या वर्गात गेले, तर त्यांचा स्वतःचा वर्ग कोण सांभाळणार?” ती म्हणाली.

“अगं, तिथे पीटीचे सर येताहेत ना!”

“आणि पीटीची मुलं?”

“तिथे विज्ञानाच्या बाई. तीच तर गंमत आहे! एकही वर्ग रिकामा राहत नाही!”

तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षं पुस्तकांतच राहिलात, ते बरं झालं हो!”

मला वाटलं, कौतुक केलं.

गुरुवारी तिसऱ्या तासाची घंटा झाली. मी खिडकीत उभा होतो. गणिताचे सर कार्ड हातात घेऊन वर्गातून बाहेर पडले. त्याच क्षणी भाषेच्या बाई त्यांच्या वर्गातून बाहेर पडल्या. दोघं व्हरांड्यात समोरासमोर आले, दोघांनी माना दोन बाजूंना वळवल्या आणि एकमेकांना ओलांडून गेले. मग विज्ञानाच्या बाई मैदानाकडे निघाल्या आणि पीटीचे सर मैदानातून वर आले. बाईंनी छताकडे पाहिलं, सरांनी बुटांकडे.

आणि मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! सगळेच बघायला निघाले होते. मग दिसणार कोण? वर्ग एकही रिकामा नव्हता, पण ज्याचा तास तोच एकाही वर्गात नव्हता! या चौघांपैकी कुणी कुणाला नुसतं “कुठे निघालात?” विचारलं असतं, तरी घोळ तिथेच उघडा पडला असता. पण बोलणार कोण?

मी धावत मोठ्या बाईंच्या दाराशी गेलो. म्हणजे धावलो आणि दाराशी थांबलो. आत साहेब बसले होते. जाडजूड, हसतमुख, हातात वही.

“बाई... ते... जरा...” मी म्हणालो.

“हे आमचे ग्रंथपाल!” बाई म्हणाल्या. “यांनीच समूह उभा केलाय. चला साहेब, वर्ग दाखवते. तुम्हीही या हो!”

पहिला वर्ग गणिताचा. आत पीटीचे सर! त्यांनी पाच मिनिटं मागच्या बाकावर बसून वाट पाहिली, मुलांनी गोंगाट केला, मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. बाकं भिंतीला लावलेली आणि सर ओरडत होते, “अर्धा वर्ग खिडकीकडे, पळा! आता त्या अर्ध्यातले अर्धे फळ्याकडे! फळ्यापाशी वर्गाचा कितवा भाग आहे?”

“पाव!” चाळीस गळे ओरडले.

“वा!” साहेब म्हणाले. “तुमचे गणिताचे शिक्षक काय तंदुरुस्त आहेत हो!”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथल्या तिथे एक अष्टमांश झालो. “हे काय चाललंय?” त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

“शूऽऽ,” माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

दुसरा वर्ग भाषेचा. गणिताच्या सरांनी फळ्यावर कवितेतल्या नदीचा आलेख काढला होता! “दुसऱ्या कडव्यात नदी तीनदा वळते. का वळते? सरळ का जात नाही? सरळ अंतर कमी नाही का?” मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, “सर, तिला घाई नसेल.” सरांनी ते वाक्य जसंच्या तसं आलेखाखाली लिहून टाकलं.

प्रयोगशाळेत भाषेच्या बाई टेबलापासून चार हात लांब, पदर नाकाला लावून. काचपात्रातला फेस टेबलावरून ओघळून जमिनीवर येत होता. “घाबरू नका!” त्या घाबरून ओरडत होत्या. “आधी निरीक्षण करा! वास कसा आहे? नुसतं ‘घाण’ नको, नेमका शब्द हवा!”

“कुबट!” “आंबूस!” “झणझणीत!” “भिजलेल्या मोज्यासारखा!”

“शाब्बास! लिहून घ्या!”

साहेब वहीत लिहितच होते. मोठ्या बाई आता माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्या डोळ्यांपुढे एकतीस वर्षांची पुस्तकं खोक्यांत उतरत होती आणि त्यांच्या जागी गाद्या ऐसपैस लोळत होत्या.

मैदानावर तर कहर! चेंडू छपरावर अडकलेला. विज्ञानाच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून, मुलींना ओळीत उभं करून सांगत होत्या, “आता कोन थोडा वाढव. हां, फेक!” आणि एक बूट सप्पकन छपरावर! चेंडू पाडण्यासाठी आतापर्यंत अकरा बूट वर गेले होते. बाराव्यानं चेंडू खाली आला. बूट मात्र वरच राहिले. पण असा जल्लोष मी त्या मैदानावर कधी ऐकला नव्हता. बाई स्वतः उड्या मारत होत्या!

घंटा झाली.

“आता तुमचा समूह बसतो ती खोली दाखवा,” साहेब म्हणाले.

आम्ही ग्रंथालयाकडे निघालो. दाराबाहेरच ऐकू आलं, आत भांडण पेटलेलं! चौघंही कार्ड परत करायला आले होते, आणि अर्थात माझ्या नावानं शंख करायला.

“मला दिलेल्या बाई जागेवर नव्हत्या!” गणिताचे सर गरजत होते.

“कशा असतील? मी प्रयोगशाळेत फेस पुसत होते!” भाषेच्या बाई म्हणाल्या आणि तीन वर्षांत प्रथमच त्यांच्याकडे वळल्या. “म्हणजे माझ्या वर्गात तुम्ही होतात? माझ्या कवितेचं काय केलंत?”

“काही नाही हो. वळणं मोजली फक्त.” सरांनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. “ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, नदीला घाई नसेल.”

“ती बोलली? अहो, ती वर्षभर माझ्यासमोर तोंड उघडत नाही! काय विचारलंत तुम्ही तिला? बसा, बसा, नीट सांगा!”

तोवर सरांची नजर पीटीच्या सरांवर गेली. “आणि तुम्ही! माझी मुलं व्हरांड्यात ‘अर्धा, पाव’ ओरडत पळताहेत, त्यांना ‘पाव’चा अर्थ कसा समजला? मी तीन आठवडे डोकं फोडतोय!”

“पळवलं त्यांना,” पीटीचे सर लाजून म्हणाले. “मला स्वतःलाही आजच समजला.”

विज्ञानाच्या बाई खो-खो हसायला लागल्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी पीटीच्या सरांपुढे धरली. “घ्या. आणि चौदा काचपात्रं माफ! तो चेंडू कुठेही जातो हो, मी आज बघितलं!”

चार खुर्च्या एका टेबलाभोवती ओढल्या गेल्या. साहेब दारातच थबकले होते. “शिक्षकांची सरळ अदलाबदल! ही कल्पना कुणाची?”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बोटात प्रशस्ती होती की फाशी, ते मला कळलं नाही.

“साहेब, चूक झाली,” मी मनापासून म्हणालो.

“बघा, किती नम्र माणूस!” साहेबांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

खोली वाचली. गाद्या जिन्याखाली गेल्या.

पुढच्या गुरुवारसाठी मी जातीनं बसून नवं वेळापत्रक केलं. या वेळी एकही चूक नाही! बघणारा मोकळा, दाखवणारा वर्गात. बायकोकडूनही तपासून घेतलं. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. चौघं ठरल्या वर्गात, मागच्या बाकावर, हाताची घडी घालून बसले. मग ग्रंथालयात आले. “छान होतं,” म्हणाले. “तुमचंही छान होतं,” म्हणाले. आणि चहा पीत चार दिशांना बघत बसले. ग्रंथालय इतकं शांत, की माझं मलाच ‘शूऽऽ’ करावंसं वाटेना.

मोठ्या बाईंनी दारातून डोकावलं, टेबलाकडे पाहिलं, मग खोलीच्या लांबी-रुंदीकडे पाहिलं, आणि निघून गेल्या. ती नजर मी ओळखून होतो!

त्याच संध्याकाळी मी ते बिनचूक वेळापत्रक फाडलं आणि पुन्हा चुकीचं करायला बसलो. आज दुसरा दिवस. चार कागद वाया गेले. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी स्वतःच्याच वर्गात सापडतो!

पहिल्यांदा इतकं सहज कसं जमलं होतं, देव जाणे. शेवटी आत्ताच बायकोला हाक मारली आहे. ती म्हणाली, “सरका जरा. चुकासुद्धा मीच करून द्यायच्या का आता?”